सरांचा नंबर मिळालाय ना, मग लाव की फोन!

या वेळी चार पत्रं आलीत, पण खरं सांगते, एकाच पत्रात मी अडकून पडले. बर्मिंगहॅमहून एका भावानं लिहिलंय, वय पंचेचाळीस, मूळचा आपल्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. म्हणतो, "ताई, मला अरेतुरेच करा. सातवीच्या स्कॉलरशिपला ज्या सरांनी सकाळी सातला जादा तास घेऊन आमचं गणित करून घेतलं, त्यांचा नंबर वर्गातल्या मुलांच्या ग्रुपवर मिळाला. तीन महिने झाले, नंबर सेव्ह आहे, फोन होत नाही. इतक्या वर्षांत एकदा चौकशी केली नाही, आता कुठल्या तोंडानं बोलू? ओळखलंच नाही तर? त्यापेक्षा डिसेंबरात येणारच आहे, तेव्हा घरी जाऊन पाया पडतो, ते बरं नाही का?"

नाही रे बाबा, बरं नाही. रागवू नकोस, पण हे "डिसेंबरात भेटतो" मला चांगलं माहितीय. आम्ही मस्कतला एकोणीस वर्षं काढली आणि दर सुट्टीत मी हेच म्हणायचे. तीन आठवडे हातात असतात, त्यात अंबाबाई, जोतिबा, नरसोबाची वाडी, सासरचे, माहेरचे, एक लग्न, एक बारसं, दाताचा डॉक्टर, बँकेतलं केवायसी, आणि शेवटचे दोन दिवस बॅगा वजन करण्यात. माझ्या मराठीच्या बाई आमच्या माहेरच्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर राहायच्या. सात सुट्ट्या गेल्या, मी गेले नाही. आठव्या वर्षी एका शुक्रवारी मस्कतमधूनच फोन लावला, हात थरथरत होता अक्षरशः.

आणि तू विचारतोस ना ओळखलंच नाही तर, तर ऐक, बाईंनी मला खरंच ओळखलं नाही. नाव सांगितलं, लग्नाआधीचं आडनाव सांगितलं, तुकडी सांगितली, बाई नुसत्या "हां, हां" करत होत्या पण आवाजावरनं कळत होतं की काही आठवत नाहीये. मग मी म्हणलं, बाई, शुद्धलेखनाच्या वहीत चुकलेला शब्द तुम्ही लाल शाईनं कधी खोडला नाही, त्याच्याभोवती पेन्सिलीनं बारीक गोल करायचा आणि बरोबर काय ते आम्हालाच शोधायला लावायचा. बाई एकदम गप्प. मग म्हणाल्या, "पेन्सिल अशासाठी गं, की मग तो गोल पुसता यायचा. वही घरी दाखवायची असते पोरांना." पस्तीस वर्षं मला हे कारण माहीतच नव्हतं! मी कोण हे त्यांना शेवटपर्यंत आठवलं नाही आणि तरी पाऊण तास बोलल्या, फोन ठेवताना म्हणाल्या, परत कर गं.

दुसरी बाजूही मी घरात बघितलीय. आमचे आण्णा स्वतः प्राथमिक शिक्षक. रिटायर झाल्यावर कुणा जुन्या मुलाचा फोन आला की फोनशेजारच्या डायरीत लिहून ठेवायचे. काय लिहायचे माहितीय? किती पगार, कुठली कंपनी, यातलं काही नाही. नाव, गाव आणि पुढं "तिसरा बाक, खिडकीकडं". मग चार दिवस दारात येईल त्याला, दूधवाल्यालासुद्धा, सांगत बसायचे की अमक्याचा परदेशातनं फोन होता. कधी केला नाही म्हणून त्यांनी कुणाला बोल लावलेला मी ऐकला नाही. त्यामुळं "कुठल्या तोंडानं" हे तुझ्या मनातलं आहे, सरांच्या नाही.

आपल्याकडं ही माणसं कुठनं आली तेही बघ जरा. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत घालणार नाही त्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. माझ्या आज्जीच्या थोरल्या भावाला त्या दंडाच्या धास्तीनंच शाळेत घातलं आणि आमच्या घरातला सही करणारा पहिला माणूस तो झाला. आज्जी महाराजांचं नाव घ्यायची आणि त्याच दमात भावाच्या गुरुजींचं, कारण हुकूम महाराजांचा असला तरी सकाळी दारात उभं राहून "पोरगं कुठंय" विचारणारे गुरुजी होते. तुझे सर त्यांच्यातलेच. सकाळी सातच्या जादा तासाचे त्यांना कोण पैसे देत होतं?

आता फोन कसा करायचा ते सांगते. पहिलाच फोन व्हिडिओ कॉल करू नको, म्हातारी माणसं अवघडतात, त्यांना शर्ट बदलायचा असतो, केस नीट करायचे असतात. सावकाश आणि मोठ्यानं बोल. आपली पोस्ट, घर, गाडी यातलं काही सुरुवातीला काढू नको. शाळा, तुकडी, साल, कुणाशेजारी बसायचास ते सांग आणि मग एकच बारकी गोष्ट सांग, त्यांनी फळ्यावर आकृती कशी काढली, छडी कुठं ठेवायचे, काहीही, पण तुझी स्वतःची. नुसतं "तुमच्यामुळं घडलो सर" म्हणलास तर ते बिचारे "बरं बरं" म्हणतील आणि बोलणं तिथंच संपेल. तू पुढं लिहिलंयस की "मुलगा आठवीत आहे, सरांच्या गोष्टी सांगितल्या की कंटाळतो." कंटाळणारच, तुझ्या तोंडून ऐकतोय ना तो! स्पीकर लाव, सरांना म्हण, दिडकी म्हणून दाखवा ह्याला. दीडाचा पाढा असतो हे त्या पोराला कळू दे.

आणि गुरुपौर्णिमा नाहीतर ५ सप्टेंबरची वाट बघू नको, त्या दिवशी सगळेच करतात.

बाकीच्यांचं पटकन. टोरांटोच्या ताई, लेकीला रविवारची मराठी शाळा नको वाटते तर आधी तिथं तिला एक मैत्रीण जमवून द्या, रागावणं नंतर. सिंगापूरकर, आईबाबांना करमत नाही म्हणता, मग त्यांच्या हातात पैसे द्या आणि सकाळी त्यांचं त्यांना बाजारात जाऊ दे. दुबईवाल्या वहिनी, कांदा-लसूण चटणीचं तेल बॅगेत उतरतं ते काही चुकत नाही, दोन पिशव्या घाला आणि जुन्या टॉवेलात गुंडाळा.

तर भावा, रविवार. सध्या तुझ्याकडं दुपारचे साडेबारा म्हणजे इथं संध्याकाळचे पाच, चहा झालेला असतो. उचलायला वेळ लागेल, कोचावरनं उठून येईपर्यंत रिंग संपते त्यांची. दहा मिनिटं थांब आणि परत लाव.