फवारणी, धोतरा आणि लेकीचा हट्ट

प्रश्न : माझी मुलगी बारावीला विज्ञान शाखेत शिकते. तीन वर्षांपूर्वी पऱ्हाटीवर फवारा मारताना माझ्या धाकट्या भावाला विषबाधा झाली. दोन दिवस तो घरच्या माणसांना ओळखत नव्हता, भलतेच बोलत होता. तेव्हापासून ‘औषधाने माणसाचे वागणे कसे बदलते’ हेच शिकायचे, असे मुलगी म्हणते. ‘वर्तनाचा जैविक पाया’ नावाचा विषय पदवीला असतो, असेही ती सांगते. नातेवाईक म्हणतात, हे मानसशास्त्रच आहे, त्यापेक्षा नर्सिंगला घाला. आमची पाच एकर कोरडवाहू शेती आहे. मी काय करावे?
— एक वाचक, तालुका आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या मुलीची माहिती बरोबर आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात याच नावाचा पदवीचा विषय अनेक वर्षे शिकवला गेला. आपल्याकडे तो बहुधा न्यूरोसायन्स (मेंदू आणि मज्जासंस्थेचे शास्त्र) या नावाने आणि बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर पातळीवर भेटतो. नातेवाइकांचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे, कारण या विषयात मानसशास्त्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, रसायनशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र शिकावे लागते.

आपल्या बंधूंचेच उदाहरण घ्या. मज्जातंतू स्नायूला, ग्रंथीला किंवा दुसऱ्या मज्जातंतूला निरोप देतो तो अनेकदा ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. औषधशास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये एका बेडकाच्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडून निरोपाचे हे रासायनिक स्वरूप दाखवून दिले आणि 1936 मध्ये त्यांना हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळाले. निरोप पोहोचला की एक विकर (एन्झाइम) हे रसायन लगेच मोडून टाकते. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके नेमके हे विकर बंद पाडतात, त्यामुळे रसायन साचत जाते : लाळ आणि घाम सुटतो, बाहुल्या आकसतात, स्नायू फडफडतात, आणि मेंदूतही तोच गोंधळ माजून माणूस भ्रमात जातो. 2017 च्या खरिपात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण जाणताच.

आता बांधावरचा धोतरा पाहा. त्यातील ॲट्रोपीन व तत्सम द्रव्ये ॲसिटिलकोलीनची जागा अडवून बसतात, म्हणून धोतरा खाल्लेल्या माणसाच्या बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते आणि तोही बरळू लागतो. रसायन फार झाले तरी भ्रम, त्याची वाट अडली तरी भ्रम! रुग्णालयात ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेवर ॲट्रोपीनच टोचतात, परंतु ते मोजून आणि रुग्णावर सतत लक्ष ठेवून. हे वाचून कोणी घरी धोतऱ्याचा काढा करू नये, एवढे हात जोडून सांगतो. मुलीने विचारलेला प्रश्न हाच त्या शास्त्राचा गाभा आहे आणि तो तिला पुस्तकाआधी घरात सापडला.

प्रवेशाचा सरळ मार्ग म्हणजे पुण्याच्या आयसरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) संस्थेतील पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम. त्याच्या प्रवेशपरीक्षेत जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात, म्हणून बारावीला गणित सोडले असल्यास तेवढी तयारी वेगळी करावी लागेल. तो जमला नाही तर काही बिघडत नाही. अमरावती विद्यापीठाशी संलग्न, जवळच्या एखाद्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. करावी, नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मिळाल्यास मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र जोडीला घ्यावे, आणि पुढे मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची संस्था किंवा हैदराबाद विद्यापीठ यांकडे पाहावे. माझा कल या दुसऱ्या वाटेकडे आहे. खर्च कमी, आणि पाया पक्का होतो. ‘न्यूरो’ हा शब्द नावात घालून लाखोंची फी घेणाऱ्या पदव्यांपासून मात्र दूर राहावे.

पैशाबद्दल. मंडळाच्या बारावीत पहिल्या 1 टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांना केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती वर्षाला 80,000 रुपयांची आहे, आणि एम.एस्सी.नंतर नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जे.आर.एफ. (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास संशोधन करताना महिन्याला 37,000 रुपये मिळतात. पण तिथवर पोहोचायला पाच-सहा वर्षे लागतात, हे आताच गृहीत धरावे.

एक गोष्ट मुलीला स्वतः विचारा. तिला काकांसारख्या रुग्णांवर उपचार करायचे आहेत, की असे का होते ते शोधायचे आहे? या पदवीने रुग्ण तपासण्याचा अधिकार मिळत नाही. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण हवे, आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम हवा. उपचार हेच उत्तर आले तर नर्सिंगचा सल्लाही मी वाईट म्हणणार नाही. शोध हे उत्तर आले, तर येत्या पावसाळ्यात तिला गोठ्याच्या आढ्याला लटकलेले गांधीलमाश्यांचे पोळे सुरक्षित अंतरावरून रोज अर्धा तास पाहून नोंदी ठेवायला सांगा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अशाच माश्यांच्या वर्तनावर कित्येक वर्षे काम केले आहे. दोन महिने ती वही न कंटाळता भरली गेली, तर तिला अडवू नका.