कोसळत्या सरीसाठी गटार, शोषखड्डा आणि मोरी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जळगावबाहेर आमची साधारण 2 हेक्टरची वसाहत आहे. मुख्य गटार 45 सेंमी रुंद, 45 सेंमी खोल, उतार 300 ला 1 (300 मीटर लांबीत 1 मीटर उतरण). ठेकेदाराच्या मते ते पुरेसं आहे. तरी दरवर्षी एक-दोन सरींत पाणी दारात येतं. चूक कुठे आहे?

उत्तर : गटार लहान आहे, आणि हे कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात पडताळता येतं. गटारात येणारं पाणी असं काढा: पावसाचा जोर (मिमी प्रति तास) गुणिले क्षेत्र (हेक्टर) गुणिले न मुरता वाहून जाणारा वाटा, भागिले 360. उत्तर घनमीटर प्रति सेकंदात येतं. काँक्रीटचे रस्ते, गच्च्या आणि फरशी घातलेली अंगणं असतील तर वाटा 0.75 धरा. जोर 60 धरला तर सेकंदाला 250 लिटर पाणी येणार. तुमचं गटार, आतला गिलावा गुळगुळीत असेल तर, काठोकाठ भरून 220 लिटर नेतं. तळाशी 10 सेंमी गाळ बसला आणि तळ खरबरीत झाला की तेच गटार 120 लिटरवर येतं. म्हणजे जवळजवळ निम्मं गटार गाळ खातो, आणि आराखड्यात तो कुणीच धरलेला नसतो.

पण 60 हाच आकडा बरोबर का, हा खरा प्रश्न. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिमी पडला की अतिवृष्टी धरतात. पीक नुकसानीच्या पंचनाम्याला तो आकडा कामाचा, गटाराला नाही. 65 मिमी रात्रभर संथपणे पडले तर तुमचं गटार पाव भरायचंही नाही. 15 मिनिटांत 22-23 मिमी कोसळले तर तो ताशी 90 मिमीचा जोर होतो आणि पाणी घरात शिरतं. तुमच्या वसाहतीत लांबच्या टोकाचं पाणी मुख्य गटाराच्या शेवटापर्यंत यायला साधारण 15 ते 20 मिनिटं लागतील, म्हणून तेवढ्याच वेळातला जोर धरायचा. मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदी मागताना रोजची बेरीज घेऊ नका, मिळतील तितक्या बारीक वेळाच्या नोंदी घ्या. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे वीस-तीस वर्षांपूर्वीच्या सरींवर बेतलेला जोर आज कमी पडतो. शहरी पर्जन्यजल निचऱ्याची केंद्र सरकारची नवी नियमपुस्तिका 2019 ची आहे. आराखडा त्याआधीच्या निकषांवर केलाय का, हे ठेकेदाराला जरूर विचारा.

90 धरला तर सेकंदाला 375 लिटर येतात. त्याच उतारावर 60 सेंमी रुंद, 60 सेंमी खोल गटार वरचे 10 सेंमी मोकळे ठेवून 378 लिटर नेतं. हे अगदी काठावरचं गणित आहे. जागा असेल तर रुंदी 75 घ्या, कारण गाळ बसणारच. रस्त्यावरच्या जाळ्यांची भोकं निम्मी बुजलेलीच धरून त्यांची संख्या ठरवा. पहिल्याच सरीत प्लास्टिक आणि पालापाचोळा तिथे येऊन बसतो.

प्रश्न : अमळनेर तालुक्यात घर बांधतोय, जमीन काळी. मे महिन्यात खड्डा खणून पाणी ओतलं तर दोन मिनिटांत गडप झालं. छताच्या पाण्यासाठी शोषखड्डा चालेल ना?

उत्तर : या चाचणीवर विसंबू नका. मे महिन्यात काळ्या मातीला हात-हात खोल भेगा पडतात. पाणी मातीत मुरलं नाही, भेगांत पळालं. जूनच्या पावसात हीच माती फुगते, भेगा मिटतात आणि जुलैत त्याच खड्ड्यात पाणी दिवसेंदिवस उभं राहतं. खानदेशात फसलेल्या शोषखड्ड्यांचं हे सर्वांत मोठं कारण.

चाचणी अशी करा. जिथे खड्ड्याचा तळ येणार त्या खोलीवर एक वीतभर चौरस भोक घ्या. बाजू चाकूनं खरवडून घ्या, नाहीतर फावड्यानं लिंपलेली माती पाणी अडवते. तळाशी 5 सेंमी बारीक खडी टाका आणि भोक रात्रभर पाण्यानं भरलेलं ठेवा. उन्हाळ्यात हे सलग दोन-तीन रात्री करा, माती पुरती फुगू द्या. मग खडीवर 15 सेंमी पाणी ठेवून दर अर्ध्या तासाला किती उतरलं ते मोजा आणि पुन्हा तेवढंच भरा. चार तास हे चालू ठेवा. हिशेबात फक्त शेवटच्या अर्ध्या तासाची घट धरायची. ती 25 मिमीपेक्षा कमी असेल तर त्या थरात शोषखड्ड्याचा नाद सोडा.

काळ्या थराखाली मुरूम दोन-तीन मीटरवर लागत असेल तर खड्डा मुरुमात उतरवा आणि चाचणी तिथे पुन्हा करा. यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा पाणी भराभर पितो, पण तिथे गढूळ पाणी थेट सोडलं तर गोट्यांमधली भोकं कायमची बुजतात. आधी गाळकुंडी हवीच.

मापातही एक चूक नेहमी होते. 100 चौरस मीटर छतावरून 15 मिनिटांत 22-23 मिमीच्या सरीत, वाहून जाणारा वाटा 0.85 धरून, सुमारे 1900 लिटर पाणी येतं. दीड मीटर व्यासाचा, दोन मीटर खोल खड्डा रिकामा असताना 3500 लिटरचा दिसतो. दगड-विटांचे तुकडे भरल्यावर पोकळी उरते जेमतेम 1300 लिटरची. बाकीचे 600 लिटर कुठे जाणार हे आधी ठरवा आणि तो पाइप पायापासून लांब काढा. काळी माती पायाशी भिजली की भिंतीला तडे जातात.

प्रश्न : चाळीसगाव तालुक्यात शिवाररस्त्याच्या मोरीत 600 मिमीचे दोन पाइप आहेत, नाल्याचं पाणलोट 40 हेक्टर. दोनदा भराव वाहून गेला. आणखी एक पाइप टाकावा का?

उत्तर : नको. भिजलेल्या काळ्या रानाचा वाटा 0.5 आणि जोर 60 धरला तरी सेकंदाला 3.3 घनमीटर पाणी येतं. 100 ला 1 उतारावर 600 मिमीचा एक पाइप पूर्ण भरून 0.6 नेतो, म्हणजे तिसरा टाकूनही 1.8 च. 900 मिमीचा एकच पाइप तेवढं, 1.8, नेतो. दोन 900 मिमी पाइप कागदावर पुरतात. पण तुमच्या नाल्यात पऱ्हाट्या आणि केळीची खोडं वाहून येतात, ती पाइपच्या तोंडाशी आडवी अडकतात. म्हणून आमचा कौल एकाच रुंद तोंडाच्या चौकोनी काँक्रीट मोरीला, किमान दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच.

भराव सहसा वरून पाणी ओलांडताना खालच्या अंगानं उकरला जाऊन जातो. रस्त्याचा एक भाग मुद्दाम सखल ठेवून काँक्रीटची फरशी करा, खालच्या बाजूला दगडी पिचिंग (रचलेल्या दगडांचं अस्तर) द्या आणि त्याचं टोक जमिनीत किमान एक मीटर गाडा. ऑगस्ट 2021 मध्ये तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुरानं चाळीसगावात हाहाकार केला. अशा दिवशी मोठ्या नदीचं पाणीच नाल्यात मागे चढतं आणि मोरी कितीही मोठी असली तरी निचरा थांबतो. त्यामुळे जुन्या पुराची खूण शोधून रस्त्याची उंची तिच्याशी ताडून पाहा.

प्रश्न : पावसाळ्यापूर्वी नवीन गटारात टँकर ओतून तपासणी झाली असं ठेकेदार म्हणतो. पुरेसं आहे? (धुळे)

उत्तर : 5000 लिटरचा टँकर पाच मिनिटांत रिकामा केला तर सेकंदाला 17 लिटर होतात. उलटा उतार आणि खळगे त्यानं सापडतात, म्हणून तो जरूर ओता आणि पाणी जिथे थांबेल तिथे खडूनं खूण करा. गटाराची क्षमता मात्र त्यानं कळत नाही. तळाची पातळी दर 10 मीटरवर लेव्हल यंत्रानं घ्यायला लावा. मग भिंतीवर सेंमीच्या रेघा रंगवा आणि भर पावसात 10 मीटर अंतरात संत्र्याची साल सोडून वेळ मोजा. अंतर भागिले वेळ, गुणिले 0.85, हा सरासरी वेग. त्याला पाण्याच्या रुंदी-खोलीनं गुणा. वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली असेल तर त्या ठिकाणी गाळ बसणार, आणि तो तुकडा हमीच्या मुदतीतच दुरुस्त करून घ्या.