पावाला बटर कापून लावावं की तोडून? आधी ते काठापर्यंत लावा

प्रश्न असा आहे: 'माझा नवरा पाव आडवा कापून दोन्ही भागांना एकदम बटर लावतो. मी घासाएवढा तुकडा तोडते, त्याला लावते, खाते आणि मग पुढचा तोडते. तो म्हणतो, तुझ्या पद्धतीत वेळ जातो आणि बटर जास्त लागतं. बरोबर पद्धत कोणती?'

'बटर जास्त लागतं' एवढं वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून मी लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाकडून पस्तीस वर्षं ऐकत आलेय. ते खोटं आहे हे मी वजनकाट्यावर दाखवून दिलंय, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

आधी तुमचं थोडक्यात सांगते. जेवणाबरोबर ताजा, गरम पाव असेल तर तुमची पद्धत बरोबर. पाव डब्यात न्यायचा असेल, आत काही भरायचं असेल किंवा तव्यावर भाजायचा असेल तर नवऱ्याची. पण खरं सांगू का, कापणं आणि तोडणं यात फार काही नाही. फरक पडतो तो दोनच गोष्टींनी: बटर किती मऊ आहे आणि ते पावाच्या काठापर्यंत पोचतंय का. या दोन्ही गोष्टी तुमच्या प्रश्नात कुठेच नाहीत.

आमच्या घरात तीन पद्धती होत्या. बाबा तोडून लावायचे. नोकरीमुळे त्यांना औपचारिक मेजवान्यांना बसावं लागायचं आणि तिथली शिस्त त्यांच्या हाताला कायमची लागली. बटर आधी आपल्या डावीकडच्या छोट्या ताटलीत काढून घ्यायचं. पाव हातानेच तोडायचा. एका घासापुरतं लावायचं, तो घास संपला की पुढचा तुकडा. सुरी फक्त बटरसाठी, पावात घालायची नाही. पण 'रीत आहे म्हणून' असं ते कधी म्हणाले नाहीत. एकदा त्यांनी गरम पाव माझ्यासमोर मधोमध उघडला आणि वर आलेली वाफ दाखवली. म्हणाले, 'हा बघ पावाचा मऊपणा चालला. जेवढं खायचं तेवढंच उघड, बाकीचा आत गरम राहतो.' मला ते तेव्हाच पटलं. गरम पावात सुरी घातली तर आतला मऊ भाग दाबला जाऊन चिकट होतो, हेही त्यांनीच दाखवलं. हाताने तोडला की कडा खडबडीत निघतात आणि बटर त्या खळग्यांत छान धरून राहतं.

आई कापायची. दातेरी सुरीने आडवा काप, दोन्ही बाजूंना बटर, बंद करून हातात. तिच्याकडे एवढे पाव एकदम करायचे असायचे की एकेक घास लावत बसायला वेळच नसायचा. पण ती काठापर्यंत लावायची. अगदी वरच्या सालीला सुरीचं टोक लागेपर्यंत. 'काठ कोरडा राहिला की ताटात काठ उरतो,' असं ती म्हणायची आणि ते शंभर टक्के खरं आहे. कोणाच्याही ताटात पावाचे उरलेले तुकडे बघा, ते नेहमी काठाचे असतात. लोकांना काठ आवडत नाहीत म्हणून नव्हे, तिथपर्यंत बटर गेलेलंच नसतं म्हणून.

तिसरी पद्धत दादाची, म्हणजे त्या थोरल्या भावाची. फ्रीजमधून दगड झालेली वडी काढायची, एक जाड चकती कापायची, पावाच्या बरोबर मध्यावर ठेवायची आणि पाव मिटायचा. पसरायचं नाही. मधले दोन घास नुसतं बटर, बाकी सगळा कोरडा पाव. आणि वर त्याचं म्हणणं असं की तो काटकसरी आहे, कारण तो 'उगाच सगळीकडे फासत नाही'. मी आईसारखी काठापर्यंत लावायची, म्हणून मी उधळी. 'हिच्या हातात वडी दिली की संपलीच समजा,' हे त्याचं ठरलेलं वाक्य.

घरातल्या घरात होतं तोवर मी सोडून दिलं. पण माझं लग्न ठरल्यावर होणाऱ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा सगळ्यांसाठी पावांना बटर लावायला मीच उभी होते. दादाने त्यांच्यासमोर ते वाक्य टाकलं. सगळे हसले. त्याही हसल्या. लग्नानंतर पाहिलं तर सासरी बटरची वडी टेबलावर यायचीच नाही. माझ्या ताटलीत आधीच कापलेला एक तुकडा यायचा, मोजून. वाईट हेतू नव्हता, त्या स्वभावाने फार चांगल्या होत्या. पण घरात नवीन आलेल्या मुलीला तिच्या वाट्याचं बटर मोजून मिळावं आणि त्यामागे सख्ख्या भावाचं एक बेफिकीर वाक्य असावं, हे मी विसरलेले नाही. कितीतरी वर्षं मी त्या घरात पाव अर्धा कोरडाच खाल्ला. आणखी मागायची लाज वाटायची.

चार वर्षांपूर्वी दादा आठवडाभर आमच्याकडे राहायला आला. पहिल्याच सकाळी वडी बघून तेच वाक्य. या वेळी समोर माझी मुलगी बसलेली होती. मी म्हटलं, उद्या मोजू.

त्या रात्री मी एक वडी मधोमध कापली. अर्धी फ्रीजमध्ये, दादासाठी, कारण त्याला ती तशीच लागते. अर्धी झाकण लावून ओट्यावर, माझ्यासाठी. सकाळी दोन्ही भाग ताटलीसकट वजनकाट्यावर ठेवून आकडे लिहून घेतले. एकाच खेपेचे सहा पाव, तीन त्याला, तीन मला. दोघांनी नेहमी लावतो तसंच लावायचं, हात आखडायचा नाही. मग उरलेलं बटर परत काट्यावर. दादाच्या तीन पावांना 46 ग्रॅम गेलं. माझ्या तीन पावांना 31 ग्रॅम. माझे तिन्ही पाव काठापर्यंत लावलेले. त्याच्या ताटात शेवटी तीन पावांचे काठ उरलेले.

दादा म्हणाला, काटा बिघडलाय. ठीक आहे, दुसऱ्या दिवशी शेजारून दुसरा काटा आणला. त्या दिवशी त्याने हात चांगलाच आखडला, हे मलाही दिसत होतं, मुलीलाही दिसत होतं. तरी त्याचं 38 ग्रॅम आणि माझं 30.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे तुमच्याही घरचं भांडण मिटेल. बटरमधली चरबी एका ठरावीक तापमानाला एकदम वितळत नाही. ती वेगवेगळ्या तापमानाला वितळणाऱ्या स्निग्ध घटकांची मिसळ आहे. त्यातला काही भाग फ्रीजच्या थंडीतही पातळ असतो आणि काही भाग शरीराच्या तापमानापर्यंत घट्ट राहतो. फ्रीजमध्ये, म्हणजे साधारण 4 अंशांना, घट्ट भाग एवढा असतो की सुरी त्यातून फक्त काप काढू शकते. त्या कापाची जाडी तुम्ही ठरवत नाही, सुरी ठरवते. त्याहून पातळ करायला गेलात की तुकडे पडतात आणि पाव फाटतो. साधारण 18 ते 20 अंशांना तेच बटर आकार धरून राहतं, पण सुरीखाली सरकतं. तेव्हा पातळ थर देता येतो, सगळीकडे सारखा. थर पातळ आणि सगळीकडे असला की प्रत्येक घासाला चव लागते आणि एकूण बटर कमी लागतं. काटकसर जाड चकती मध्यावर ठेवून होत नाही. ती बटर मऊ करून होते.

आणि खूप मऊही नको. 32 ते 35 अंशांच्या आसपास बटर वितळून जातं. बटर म्हणजे नुसती चरबी नव्हे. कोडेक्स या खाद्यपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यात किमान 80 टक्के दुधाची चरबी असावी लागते आणि पाणी जास्तीत जास्त 16 टक्के चालतं. हे पाणी बारीक थेंबांच्या रूपात चरबीत धरलेलं असतं. बटर पूर्ण वितळलं की ही पकड सुटते. मग पाणी पावात मुरतं, चरबी तळाला उतरते, खालचा भाग ओला आणि वरचा कोरडा. म्हणून भट्टीतून काढल्या काढल्या पावाला बटर लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. पाच मिनिटं थांबा. बटर पावावर थोडं चमकलं पाहिजे, पण दिसलंही पाहिजे. दिसेनासं झालं की तुम्ही आणखी लावता, आणि मग वडी खरंच संपते.

आता तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. तुमचं बटर फ्रीजमधून थेट येत असेल तर तो चुकीचं बोलत नाहीये, हे मला कबूल करावं लागेल. घासाएवढ्या तुकड्याला कडक बटर लावायचं म्हणजे दर घासाला एक ढेकूळ, आणि एका पावाचे सहा घास धरले तर सहा ढेकळं. बटर मऊ असेल तर मात्र तो चूक. तेव्हा पद्धत बदलू नका, वडी बाहेर काढायची वेळ बदला. खायच्या अर्धा तास आधी काढा. विसरलात तर लागेल तेवढाच तुकडा पातळ कापांत कापून ताटलीत पसरून ठेवा, दहा मिनिटांत मऊ होतो. मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, बाहेरून वितळतो आणि आत दगडच राहतो.

वेळ जातो म्हणतो तर जाऊ दे. जेवायला बसलोय ना? तुकडा तोडून, लावून खाणारा माणूस हळू खातो, समोरच्याशी बोलतो. बाबा दोन पावांत अख्खं जेवण पुरवायचे आणि त्या वेळात आमची सगळ्यांची विचारपूस करायचे.

डब्याला मात्र नवऱ्याचं ऐका. तिथे कापूनच लावायचं आणि काठापर्यंत लावायचं, कारण तिथे बटरला चवीपलीकडचं काम आहे. काकडी, टोमॅटो असं पाणी सुटणारं काही आत असेल तर चरबीचा थर ते पाणी पावात जाऊ देत नाही. थरात जिथे फट राहते तिथूनच पाव भिजतो. दादाच्या पद्धतीने केलेला डबा दुपारी उघडून बघा, मध्यावर ठीक आणि कडेने लगदा. आणि बटर लावून ठेवलेले पाव रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू नका. पाव कडक होतो तो नुसता वाळून नव्हे. त्यातलं पिष्ट परत घट्ट रचना धरतं म्हणून होतो, आणि फ्रीजच्या तापमानाला ते सगळ्यात लवकर होतं. ठेवायचेच तर न लावता फ्रीजरमध्ये ठेवा.

नवऱ्याला एक गोष्ट मात्र जरूर सांगा. तुमच्या बटरबद्दल त्याला जे बोलायचं ते स्वयंपाकघरात बोलावं. पाहुण्यांसमोर नाही, मुलांसमोर नाही आणि त्याच्या आईसमोर तर मुळीच नाही. त्याला वाटेल गंमत केली. माझ्या भावालाही तेच वाटलं होतं. तुम्हाला खरंच शंका असेल तर एक सकाळ वजनकाटा काढा, दोघांचं मोजा, आकडा कागदावर लिहा आणि विषय संपवा. आणि तुम्ही हरलात तर तेही लिहा.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. वडी बाहेर ठेवायची ती मीठ असलेलीच, झाकणाच्या भांड्यात, एका दिवसात संपेल एवढीच. बिनमिठाचं बटर आणि घरचं लोणी लवकर खवट होतं, ते फ्रीजमध्येच असू दे आणि खाण्याआधी तेवढ्यापुरतं काढा. हवा खूप गरम असेल तर बाहेर ठेवणं विसरा, वितळून परत गोठलेलं बटर दाणेदार होतं आणि नीट पसरत नाही. डॉक्टरांनी चरबी मोजून खायला सांगितली असेल तर माझे आकडे तुमच्यासाठी नाहीत, तीन पावांना 31 ग्रॅम म्हणजे माझ्या घरात सहज चालणारं प्रमाण आहे एवढंच. आणि ज्यांना मध्यावरची जाड थंड चकती दाताखाली फोडायलाच आवडते, त्यांनी खुशाल तसं खावं. वहिनीलाही तशीच आवडते, ती तसं सरळ सांगते आणि माझं तिच्याशी काही भांडण नाही. फक्त त्याला काटकसर म्हणू नका.

दोन्ही सकाळचे आकडे असलेला तो कागद मी बटरच्या भांड्याशेजारच्या खणात ठेवलाय. दादाने त्यावर सही केलेली नाही. मुलीने केली आहे.