फ्लॅट विकायला काढण्याआधी दिव्यांवर खर्च करावा का?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला आईवडिलांचा टू बीएचके आहे, पहिला मजला, हॉल अंधारा वाटतो आणि एजंट म्हणतोय आधी फॉल्स सीलिंग करून त्यात दिवे बसवा. माझं ऐकाल तर नका करू. घर बघायला आलेला माणूस वर बघतच नाही, आधी खिडकीशी जाऊन पडदा सारतो.

आम्ही दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचा सहकारनगरचा फ्लॅट विकला. पहिले चार-पाच जण 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. मग एका रविवारी मी हॉलमध्ये बसून उजेड नेमका अडतो कुठे ते बघितलं. बाहेर ग्रिलमध्ये वाळक्या कुंड्या आणि एक मोडकी सायकल, आत डासांची जाळी, त्यावर मरून रंगाचे पडदे. जाळी बाथरूममध्ये घासली तर पाणी चहासारखं निघालं. ती परत बसवली, पडदे काढले, ग्रिल रिकामं केलं. एवढ्यानेच दुपारी ट्यूब लावायची गरज राहिली नाही.

दिव्यांचं म्हणाल तर आमच्याकडे दहा वर्षांत ज्याने जो आणला तो बल्ब लागलेला. हॉलमध्ये निळसर ट्यूब, पॅसेजमध्ये पिवळा, देवघरावर लुकलुकणारी माळ. खोक्यावर उजेडाचा रंग सांगणारा आकडा असतो, तो ६५०० के (केल्विन) असेल तर उजेड निळसर पांढरा, घराचा दवाखाना होतो. ३००० के पिवळसर. तो छान दिसतो, पण आमच्या भिंतींना जुना क्रीम डिस्टेंपर होता, त्यावर तो आणखी कळकट दिसायला लागला. म्हणून सगळीकडे ४००० के, नॅचरल व्हाइट म्हणून मिळतो तो, आणि फक्त बेडरूममध्ये ३०००. भिंती नव्याने रंगवणार असाल तर हिशोब वेगळा. पण एका खोलीत दोन रंगांचे दिवे ठेवू नका.

खरेदी तपकीर गल्लीतून (पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार) करा आणि जुना बल्ब सोबत न्या, म्हणजे पिनचा की स्क्रूच्या आट्यांचा हा गोंधळ होत नाही. दुकानात दिवा लावायला सांगून मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरा. स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो घेऊ नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्यांना कळत नाही, पण जाहिरातीच्या फोटोत भिंतीवर पट्टे उमटतात.

स्वयंपाकघराकडे मात्र नीट बघा. तिथे ट्यूब बहुधा पाठीमागच्या भिंतीवर असते, म्हणजे ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली पोळपाटावर. सासूबाईंनी तीस वर्षं तशाच पोळ्या लाटल्या. वरच्या कपाटाखाली एलईडीची एक पट्टी लावली आणि त्यानंतर आलेली प्रत्येक बाई ओट्याशी दोन मिनिटं जास्त थांबली.

वायरमनला अर्धा दिवस बोलवाच. येणारा प्रत्येक बटण दाबून बघतो. एक जरी तडतडलं तरी आख्ख्या वायरिंगवर संशय. शिवाय घेणारा इंजिनिअर असेल (पुण्यात असतोच) तर तो डीबी (वायरिंगची मुख्य पेटी) उघडून बघणार.

आमच्याकडून एक चूक झाली. हॉलमध्ये आजेसासूबाईंची दिव्याची पितळी हंडी टांगलेली होती. एका जोडप्याने भाव ठरवता ठरवता सहज विचारलं, "ही इथेच राहणार ना?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. तुमच्याकडे असं काही असेल तर फोटो काढण्याआधीच उतरवा आणि जागी साधा दिवा लावा.

ओल आलेला कोपरा अंधारात ठेवायचा प्रयत्नही करून झालाय. तिसऱ्याच माणसाने खिशातून मोबाइल काढून टॉर्च मारला. ओल आधी दुरुस्त करा, नाहीतर स्वतःहून सांगा.

हॉलमध्ये ऊन कधी येतं ते दोन दिवस बघून ठेवा आणि लोकांना तेव्हाच बोलवा. आमचा पूर्वेचा, म्हणून सकाळी साडेनऊ ते अकरा. नोकरीवाले संध्याकाळी सातलाच येणार म्हणतील, तेव्हा ते यायच्या आधी सगळे दिवे लावून ठेवा, जिन्यातलासुद्धा. आणि शक्यतो गुरुवार टाळा, महावितरणचं दुरुस्तीचं काम बहुधा गुरुवारीच निघतं आणि लाईट नेमकी तेव्हाच जाते.