वाचकांचे प्रश्न : लढ्याचं गाणं गर्दीच्या तोंडी कसं बसवायचं?

प्रश्न : 26 जूनच्या शाहू जयंतीच्या फेरीसाठी आम्ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कलढ्यातली गाणी मराठीत बसवतोय. गेल्या वर्षी पुढच्या टेम्पोवर स्पीकर लावून ‘वुई शॅल ओव्हरकम’ घेतलं, पण बिंदू चौकातून दसरा चौकात पोचेपर्यंत मागची मंडळी गप्प झाली. काय चुकलं?
– महाविद्यालयीन गट, राजारामपुरी

उत्तर : गाण्याची जागा चुकली आणि स्पीकरचीही. हे चालता चालता म्हणायचं गाणं नव्हे. चार्ल्स्टनच्या तंबाखू कामगारांच्या 1945-46 च्या संपात ते संथ, लांबवलेल्या सुरांत म्हटलं जाई. टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्ते घडवणाऱ्या शाळेमार्फत ते पुढे चळवळीत आलं. सभा संपताना सगळे उभे राहत, उजवा हात डाव्यावरून नेऊन शेजाऱ्यांचे हात धरत आणि झुलत म्हणत. चालताना एवढ्या लांब सुरांना दम पुरत नाही. फेरी दसरा चौकात थांबली की मग ते घ्या.

वाटेत अशी गाणी घ्या ज्यांत कडव्यागणिक एकच शब्द बदलतो. जॉर्जियातल्या ऑल्बनीत 1961-62 मध्ये ‘मला कुणीही मागं फिरवू शकणार नाही’ अशा अर्थाचं गाणं म्हणताना लोक ‘कुणी’च्या जागी थेट पोलीसप्रमुख प्रिचेट यांचं नाव घालत, पुढच्या कडव्यात तुरुंग. हातात कागद लागत नाही. मात्र नवा शब्द आधीचं कडवं संपताना, लोक श्वास घेतात तेवढ्यात मोठ्यानं सांगायचा. उशीर झाला की अर्धी गर्दी जुनाच शब्द म्हणते. पोवाड्यात झीलकरी शाहिराला साथ देतो. इथं गर्दीच मुख्य गायक, पुढारी फक्त शब्द पुरवतो.

आता स्पीकर. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. रांग 100 मीटरची असेल तर शेवटच्या माणसाला गाणं सुमारे 0.3 सेकंद उशिरा ऐकू येतं, म्हणजे मिनिटाला 100 मात्रांच्या लयीत अर्धी मात्रा. मागचे कितीही नीट गायले तरी बेलयच वाटतात, आणि शेवटी गाणं सोडून देतात. म्हणून टेम्पो नकोच. 40-50 जणांचे गट करा, प्रत्येकाचा पुढारी वेगळा, गटांत मोकळं अंतर. सगळ्यांनी एकदम एकच ओळ म्हणण्याची गरज नाही.

टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, पाऊल पहिल्या आणि तिसऱ्यावर. आपला हात सवयीनं समेवर पडतो आणि मग लय पळू लागते; त्यामुळे आधी न गाता नुसती टाळी-पाऊल घोटून घ्या. उत्साहात सूर चढतोच, तेव्हा तालमीतल्या पट्टीपेक्षा एक-दोन स्वर खालूनच सुरुवात करा.

प्रश्न : गाण्यानं कायदे बदलतात का?
– निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी

उत्तर : नुसत्या गाण्यानं नाही. पण 1962 मध्ये चौघा ‘फ्रीडम सिंगर्स’नी देशभर गाऊन हक्कलढ्यातल्या विद्यार्थी संघटनेसाठी पैसा उभा केला. 1959 मध्ये हायलँडरवर रात्री पोलिसांची धाड पडली, तेव्हा अंधारात बसलेल्या मुलांनी ‘वुई शॅल ओव्हरकम’ला ‘आम्हाला भीती नाही’ हे कडवं तिथंच जोडलं. त्या क्षणी गाण्याखेरीज त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि ते पुरलं. 15 मार्च 1965 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी संसदेत ‘वुई शॅल ओव्हरकम’ हेच शब्द उच्चारले. 6 ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. त्याआधी 7 मार्चला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर याच हक्कासाठी मोर्चा काढणाऱ्या लोकांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या होत्या, हेही मुलांना जरूर सांगा.

प्रश्न : या गाण्यांना हलगी चालेल का?
– वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : चालेल. ऑल्बनीत भर होता तो टाळी आणि पावलांवर. गटाला एकच हलगी, तीही मधोमध; पुढं ठेवली की मागचे पुन्हा मागं पडतात. जोराचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, बाकी हलक्या हातानं, नाहीतर शब्द बुडतात. जूनअखेर आपल्याकडे पाऊस असतोच आणि दमट हवेत चामडं उतरतं. निघण्याआधी शेकून घ्या, वाटेत प्लास्टिकनं झाका. ते जमणार नसेल तर फायबरचं पान असलेली आणा.