कार्ड येईपर्यंत मुलाने काम सुरू करावं का?

डिचोलीचे एक वाचक लिहितात: मुलगा मे महिन्यात अमेरिकेत एमएस झाला. नोकरी ठरली आहे, पण ओपीटीचं (शिकून झाल्यावर त्याच क्षेत्रात काही काळ काम करण्याची मुभा) ईएडी कार्ड, म्हणजे कामाचा परवाना, अजून आलेलं नाही. कंपनी म्हणते, घरून काम सुरू कर, पगार कार्ड आल्यावर एकदम देऊ. शेजारच्या मुलीने म्हणे अर्जाच्या नुसत्या पावतीवर काम केलं होतं. मुलाला हो म्हणू द्यावं, की ६ लाखांची एफडी मोडून तीन महिने लाख-लाख रुपये पाठवावे?

नमस्कार. पैसे पाठवा, काम सुरू करू देऊ नका. पगार आज मिळो की कार्ड आल्यावर, काम ते कामच. कार्ड हातात नसताना किंवा त्यावरची तारीख उजाडण्याआधी केलेलं काम विनापरवाना धरलं जातं. दोन-तीन पगारांपायी त्याचा एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा दर्जा, ओपीटीची पुढची मुदतवाढ आणि नोकरीचा एच-१बी व्हिसा, सगळंच टांगणीला लागेल.

शेजारच्या मुलीचं खरं असेल, पण तिची गोष्ट बहुधा वेगळी. पहिलं ओपीटी संपण्याआधी २४ महिन्यांच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठीच्या) मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला असेल, तर पावतीवर १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. तुमच्या मुलाचा अर्ज पहिल्याच ओपीटीचा. त्याची पावती म्हणजे फक्त अर्ज पोचल्याची पोच.

पत्रात तुम्ही ‘९० दिवस’ हे शब्द दोनदा अधोरेखित केलेत. ती भीती मनातून काढा. ओपीटीत नोकरीविना जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, पण ते दिवस कार्डवरच्या तारखेपासून मोजतात, आताचं थांबणं त्यात येत नाही.

मुलाने आजच कंपनीला ई-मेल करून रुजू होण्याची तारीख पुढे मागावी. पहिल्या दिवसापासून तीन कामकाजी दिवसांत त्याची कागदपत्रं तपासून आय-९ (कामाची परवानगी पडताळण्याचा) फॉर्म पुरा करणं कंपनीवरही बंधनकारक आहे. हे ठाऊक असून ती घाई करत असेल, तर मला ते मुळीच आवडलेलं नाही. कंपनी थांबायला तयारच नसेल, तर प्रीमियम प्रोसेसिंगचा, म्हणजे जादा फी भरून अर्ज लवकर हाताळून घेण्याचा, अर्ज आताही करता येतो. ३० कामकाजी दिवसांत त्यावर कारवाई होते. पण त्याची फी दीड हजार डॉलरच्या वर आहे, म्हणजे तुमच्या महिन्याच्या खर्चाहून जास्त. नोकरी हातची जात असेल तरच तो खर्च करा.

आता एफडी. पाच वर्षांची, त्यातली चार सरलेली. ती मोडू नका! बँकेने १ टक्का दंड लावला, तर ६ लाखांवर चार वर्षांचे सुमारे २४,००० रुपये जातील. त्याऐवजी तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तशी उचल, घ्या. एफडीला ७ टक्के मिळत असतील आणि ओव्हरड्राफ्ट ८ टक्क्यांनी मिळाला, तर ३ लाखांवर चार महिन्यांचं व्याज ८,००० रुपये. तेवढ्याच रकमेवर एफडी तेव्हा ७,००० कमावत असते. म्हणजे खिशातून जातात १,०००. तुमच्या बँकेचे खरे दर मात्र विचारून घ्या. शिवाय तीन लाख एकदम उचलू नका, दर महिन्याला लागतील तेवढेच काढा. या आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेली एकूण रक्कम १० लाखांच्या आत असेल, तर टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) कापला जाणार नाही.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता अजून वर्षभराने सुरू होणार, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा ती घाई नाही. आणि यंदा चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, लहान बांधू, असं लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. माटोळी दरवर्षीएवढीच बांधा. या हिशेबात तेवढी जागा आहे.