सूर्य चौथ्या दिवशी

"उत्क्रांती खरी मानली, तर प्रार्थनेला बसायचा हक्क मला राहतो का?" समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या, जीवशास्त्र शिकणाऱ्या त्या मुलाने खुर्चीत टेकता टेकता विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घर ख्रिस्ती, श्रद्धाळू. रोज रात्री वडील बायबल वाचतात, आणि महिनाभर हा डोकं दुखतंय म्हणून उठून जात होता.

पहिल्या भेटीत मी घाई केली. "कसं ते विज्ञान सांगतं, का ते धर्म, भांडण कुठे आहे?" असं म्हणून मोकळी झाले.

"आहे ना, मॅडम," म्हणत त्याने वही उघडली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे बायबलमधले जगाच्या निर्मितीचे सहा दिवस, उजवीकडे पृथ्वीचं वय, सुमारे ४५४ कोटी वर्षं. रेघ इतकी गिरवलेली, की कागद फाटला होता.

त्याचंच बरोबर होतं. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा पहिला अध्याय रोजनिशीसारखा वाचला, तर मेळ बसत नाही. बसतो असं नाटक समुपदेशकाने तर मुळीच करू नये.

पुढच्या भेटीत त्याला डावी बाजूच सावकाश वाचायला सांगितली. निर्मितीच्या चौथ्या दिवसापाशी तो अडला. "सूर्य आत्ता आला? मग आधीचे तीन दिवस मोजले कशाने?"

नेमका हाच प्रश्न ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकात विचारला होता. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ आला १८५९ मध्ये. म्हणजे ते दिवस शब्दशः न घेणं ही काही विज्ञानाला घाबरून शोधलेली पळवाट नव्हे. जॉर्ज लमेत्रचंही सांगितलं. विश्वाची सुरुवात एका 'आद्य अणू'पासून झाली असावी, ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारा हा शास्त्रज्ञ स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. आणि आपल्या सिद्धान्ताला कुणी देवाचा पुरावा म्हटलेलं त्याला रुचत नसे.

मुलगा हसला, पण खांदे काही सैल झाले नाहीत. मी विचारलं, "घरी नेमकं काय होईल असं वाटतं?"

बराच वेळ गेला. "वाचताना बाबा माझ्याकडे बघतात. ते बघणार नाहीत."

पुढच्या तीन भेटी यावरच गेल्या. उत्क्रांतीचं नावही निघालं नाही.

शेवटी एका रात्री त्याने वडिलांना फक्त चौथ्या दिवसाचं विचारलं. ते जरा चिडले. "आम्ही कधी असं विचारलं नाही," म्हणाले. मग पुस्तक त्याच्या हातात देऊन म्हणाले, "आज तू वाच."

त्याने एक स्तोत्र वाचलं. बाकीचा विषय परीक्षेनंतर काढतो म्हणालाय.